माझी उकळी चुकली तो दिवस

मी एक जुनी गन आहे, मित्रांनो. दचकू नका! माझ्यातून गोळी सुटत नाही. मी हातभर लांबीची पोलादी नळी. गाय माजावर आली की वळूच्या वीर्याची बारीक कांडी माझ्यात बसवायची आणि गाय भरवायची, एवढंच माझं काम. निलंग्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बसवराज मला रोज पातेल्यात उकळायचे. त्या उकळत्या पाण्याची मला भारी धास्ती वाटे. खुळी होते मी.

भूकंपाच्या साली सगळंच विस्कटलं. दर गाईला माझ्यावर प्लास्टिकचं नवं आवरण चढवायचं, ती आवरणं संपली. स्टोव्हला रॉकेल मिळेना, म्हणून माझं उकळणंही राहिलं. एका सकाळी मी एका गाईच्या पोटात गेले, तर आत पू! बसवराजांनी मला बादलीत विसळलं आणि त्याच आवरणासकट नागुबाईच्या पत्र्याच्या शेडकडे नेलं.

नागुबाईचं घर पडलं होतं, गोठ्यात जनावरं दबून मेली होती. उरली होती एक देवणी गाय, रत्नी. तिच्या पोटी वासरू यावं, एवढाच म्हातारीचा ध्यास.

"डॉक्टर, उकळलं का न्हाई हे?" तिनं विचारलं.

"काई होत न्हाई मावशी. कांडीत अँटिबायोटिक घातलेलं असतंय. जंतू मरून जात्यात."

अहो, ते औषध वीर्यातल्या चार जंतूंपुरतं! माझ्या अंगावरच्या घाणीला ते कुठलं पुरणार? मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठली वाचा? बसवराजांनी मला तसंच रत्नीच्या पोटात घातलं.

चौथ्या दिवशी रत्नीनं चारा सोडला. अंग तव्यासारखं तापलं. एक इंजेक्शन लागू पडेना, दुसरं पडेना. बसवराज रोज यायचे आणि मी पिशवीत भीतीनं गारठायचे. आज दावणीला गाय असेल ना? नागुबाई रत्नीच्या मानेवर हात ठेवून म्हणायची, "घर गेलं, आता तू जाऊ नको गं माय."

तिसऱ्या औषधानं रत्नी वाचली. पण तिचं गर्भाशय खराब झालं होतं, ती गाभण कधीच राहिली नाही.

"चुकलं मावशी माझं," बसवराज खाली मान घालून म्हणाले. म्हातारीनं शिवी दिली नाही. चुलीवरचं चहाचं भगुनं उतरवलं आणि नुसतं पाणी चढवलं. "आधी हिला उकळ. मग च्या." तेव्हापासून त्या गावात मला उकळल्याशिवाय बसवराजांना कुणी चहा दिला नाही.

निवृत्त होताना त्यांनी मला नागुबाईच्या नातीला, मनिषाला दिलं. ती लातूरला क्लास करते, जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला. परवा जेवायला बसताना तिची मैत्रीण म्हणाली, "गोळी घेतली की झालं, हात कशाला धुवायचे?" मला रत्नीचं तापलेलं अंग आठवलं.

मित्रांनो, औषधाच्या भरवशावर स्वच्छता सोडू नका. रत्नी पुढं बरीच वर्षं जगली. शेजारच्या गाईंची वासरं जवळ आली की ती त्यांनाच चाटत बसायची.