भिजत घातलेली होडी

टाचणीने होडी घरी आणली ती हातगाडीवर घालून, भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत. चोरून काही करायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. अंगाने काडी आणि जिभेला टोक, म्हणून थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं हे नाव पन्नाशी उलटली तरी तिला चिकटून होतं. गिऱ्हाइकंसुद्धा "टाचणीबाईंकडे शिवायला टाकलंय" असंच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. त्यावर ती कपडे शिवायची आणि नदीवरच्या लोकांसाठी होड्यांवर घालायची ताडपत्रीही. इतकी वर्षं होड्यांची मापं घेतली, पण होडीत ती एकदाही बसली नव्हती.

त्याला कारण होतं. वडिलांची स्वतःची होडी होती. सुट्टीच्या दिवशी ते दादाला घेऊन पाण्यात जायचे आणि हिला काठावर बसवायचे. "हे मुलींचं काम नाही. तू चपला सांभाळ." दोघांच्या चपला पुढ्यात घेऊन ही पोर तासन्‌तास बसून राहायची. एकदा कुत्र्याने त्यातली एक पळवली, तर बोलणी हिलाच खावी लागली. वडील गेले, होडीही विकली गेली, पण ते काठावरचं बसणं तिच्या मनातून गेलं नाही. शेजारचा औषधवाला गाव सोडून निघाला तेव्हा त्याने सहज विचारलं, "बाई, माझी जुनी होडी पडलीय, नेता का? नाहीतर सरपणात जाईल." टाचणीने कात्री खाली ठेवली आणि तशीच उठली.

दादाचं डोकं फिरलं. दोघांच्या सामाईक अंगणात त्याला गाडीसाठी शेड घालायची होती, गवंड्याला त्याने सांगूनही ठेवलं होतं.

"हे काय आणलंस?"

"होडी. दिसत नाही?"

"होडी कसली! उन्हात वाळून खुळखुळा झालेलं लाकूड आहे हे. हिच्यात बसून जाणार कुठे तू?"

"पलीकडे."

"पलीकडे तुझं काय ठेवलंय?"

"ते पलीकडे गेल्यावर बघेन."

वहिनी दारात उभी राहून पदरात हसू लपवत होती. दादाने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि बहिणीला बजावलं, "गवंडी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी येणार आहे. त्याच्या आदल्या रविवारपर्यंत ही तरंगली तर तुझी. नाही तरंगली तर मी हिच्यावर कुऱ्हाड घालणार. मग रडायचं नाही."

"नाही तरंगली तर कुऱ्हाड मीच आणून देईन. वहिनी, तुम्ही साक्षीला."

सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण टाचणीला एकदा नाद लागला की लागला. तिने होडी पालथी घातली आणि जुना रंग खरवडायला घेतला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल. नाकातोंडाला फडकं बांधून सगळा सोलून काढला. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक फळी ठोकून पाहिली. चांगलं लाकूड ठणठणीत वाजायचं, कुजकं भद्द करायचं. मागच्या बाजूला एक जागा भद्द वाजली, टोक रुतवलं तर केकमध्ये जावं तसं आत गेलं. कुजका भाग तिने चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून टाकला, कागदावर त्याचा नमुना काढला, बाही बेतावी तशी नवी फळी बेतली आणि आतून आधार देऊन बसवली.

गंजलेले स्क्रू काढून पितळी घालायचे होते. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "कुणासाठी नेताय?"

"माझ्यासाठी."

"तसं नव्हे, काम कोण करतंय? साहेबांना पाठवा, मापाचे देतो."

"साहेब मीच. हा मापाचा नमुना, आणि पितळीच द्या. पितळी मुलामा दिलेलं लोखंड माझ्या गळ्यात मारू नका, चुंबक आणलाय मी." तिने खरंच पर्समधून टाचण्या उचलायचा चुंबक काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा डबा उघडला.

आणि इतकं सगळं नीट करून बाईने शेवटी घोडचूक केली. ती फक्त तिच्याच हातून होण्यासारखी होती. होडी सुलटी करून आत पाहिलं तर फळ्यांच्या मधून ऊन येत होतं. जन्मभर उसवलेलं शिवत आलेल्या बाईला फट कशी बघवणार? तिने कापसाचा पीळ करून फटींमध्ये ठासला. त्यावर दोन डब्यांतली मिसळून दगडासारखी होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. नखसुद्धा शिरणार नाही इतकं घट्ट केलं, रंग दिला आणि होडी पाण्यात सोडली. थेंब आला नाही! त्या संध्याकाळी तिने दादासमोरून तीनदा उगाचच ये-जा केली.

दोन-तीन दिवसांनी पलीकडच्या तीरावर माणसं सोडणारा नावाडी तिच्या दारात आला. "टाचणीबाई, तुमच्या होडीचं पोट फुगलंय. येऊन बघा."

एका बाजूची फळी धनुष्यासारखी बाहेर आली होती, नवे पितळी स्क्रू उपटून निघाले होते आणि आत गुडघाभर पाणी होतं. धक्क्यावरची माणसं बघत होती. दादाही आला होता. तो नुसता मान हलवत राहिला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

रात्री जेवण जाईना. मशीनशेजारी एका गिऱ्हाइकाचं कोरं सुती कापड बादलीत भिजत पडलं होतं. कोरं सूत पाण्यात घातल्याशिवाय ती कधी कात्री लावत नसे. कितीही घाई असलेलं गिऱ्हाईक आलं तरी "आधी पाणी दाखवते, मग बेतते" म्हणून परत पाठवायची. कापड पाण्याने आटतं, हे तिने अर्ध्या गावाला शिकवलं होतं. आणि वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. फळ्यांना फुगायला जागा हवी होती, ती जागाच तिने दगडासारख्या लांबीने बुजवून टाकली होती. "शहाणी ती," ती स्वतःलाच म्हणाली, आणि स्वतःचा तिला भयंकर राग आला.

रागाचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा अंगणात आली. आठवडाभर खपून तिने ती सगळी लांबी पटाशीने उकरली. फळी जागेवर ओढून नवे, जाड स्क्रू घातले. फटींमध्ये कापसाचा सैल पीळ नुसता बसवला, वर मऊ राहणारी लांबी हलक्या हाताने लावली आणि बाकीचं लाकडावर सोडलं. तोवर उन्हाने फळ्या पुन्हा आकसल्या होत्या, फटी दिसत होत्या. रविवारला थोडेच दिवस उरले होते.

बुधवारी तिने होडी धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात नेली, तळाच्या भोकाचं बूच उपटलं, दोरी ओवून ते गळ्यात अडकवलं आणि होडीत दगड टाकायला सुरुवात केली. बघणारे बघतच राहिले. पाणी बुडबुडत आत शिरलं, होडी बसत गेली, शेवटी तिची कडच काय ती वर राहिली.

कुणीतरी धावत जाऊन दादाला सांगितलं. तो आला तो कुऱ्हाड घेऊनच. मागून वहिनी.

"बुडाली ना? झालं समाधान?"

"बुडाली नाही. भिजत घातलीय."

"भिजत? कडधान्य आहे का ते? गावभर हसं झालंय आपलं! आता हे भिजत घोंगडं मी ठेवणार नाही. हो बाजूला!"

टाचणी बाजूला झाली नाही. ती सरळ पाण्यात उतरली, बुडलेल्या होडीत चढली आणि मधल्या फळीवर जाऊन बसली. कमरेपर्यंत पाणी, साडी भोवती फुगून वर आलेली, गळ्यात बूच. अशा अवतारात तिने हात मांडीवर ठेवले.

"ये. फोड."

"उठ तिथून."

"रविवार ठरला होता, आज बुधवार आहे. रविवारी तरंगली नाही तर मी स्वतः उठेन आणि पहिला घाव मीच घालेन. तोपर्यंत हिला हात लावलास तर आधी मला बाहेर काढावं लागेल, आणि ते तुझ्याच्याने होणार नाही."

दादाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी साक्षीला होते. रविवारच ठरला होता."

दादा कुऱ्हाड घेऊन परत गेला. टाचणी मात्र त्या दिवसापासून हातशिलाईची कामं घेऊन धक्क्यावरच बसू लागली. येणारेजाणारे टोमणे मारत, ती टोमण्याला टोमणा देई आणि सुईत दोरा ओवी. पण मनातून ती घाबरली होती. फळ्या मिटल्या नाहीत तर? रात्री वहिनी तिचा डबा घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मिटतील हो."

रविवारी सकाळी अख्खी गल्ली हजर होती. टाचणीने दगड काढले, होडी काठाकडे ओढली, गळ्यातलं बूच ठोकून बसवलं आणि बादलीने पाणी उपसायला लागली. तळ दिसू लागला तशी ती थांबली आणि वाकून बघत राहिली. एका फटीतून बारीक धार आली. कुणी हसलं. धार बारीक होत गेली, थेंबांवर आली, आणि थांबली. होडी पाण्यावर डुलत होती.

तिने वल्ही आत ठेवली. मग पायातल्या चपला काढून दादाच्या पायापाशी नीट जोडून ठेवल्या.

"दादा, चपला सांभाळ."

ती चढली आणि वल्हवायला लागली. पहिल्यांदा होडी जागच्या जागी फिरली, काठावर हशा पिकला. "हसा, हसा!" ती ओरडली आणि पुन्हा वल्ही मारली. मग होडीला दिशा सापडली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे दूर जाणारा काठ तिला पूर्ण दिसत होता, आणि काठावर चपलांकडे बघत उभा असलेला भाऊही.

"आणि कुत्र्याकडे लक्ष असू दे!" मधल्या पाण्यातून तिचा आवाज आला.

दादाने इकडेतिकडे पाहिलं. मग तो पायरीवर बसला, आणि चपला त्याने जवळ ओढून घेतल्या.