पडद्यामागचा खर्ज

प्रियदर्शनीनं प्लास्टिकची खुर्ची पायानंच स्टेजच्या कडेला सरकवली, ओढणी खांद्यावरून पुढे घेतली आणि मुक्ताईला आडवं धरलं. पोरीनं दोनदा मान इकडेतिकडे फिरवली, ओढणीची कड मुठीत पकडली आणि एकदाची शांत झाली. काळ्या पडद्याच्या या बाजूला कोणी नव्हतं. गुंडाळलेल्या वायरी, वाद्यांच्या रिकाम्या पेट्या आणि कोणीतरी अर्धा पिऊन ठेवलेला चहा, एवढंच. पडद्यापलीकडे, कोरेगाव पार्कातल्या त्या जुन्या बंगल्याच्या हिरवळीवर, माणसं सतरंज्या पसरून बसली होती.

"सावकाश पाज गं," तिला इथवर सोडायला आलेली शेफाली म्हणाली होती. "गोव्याच्या मंडळींचं तासभर चालेल. एकेकाची पाळी आली की हे लोक थांबत नाहीत."

"आमोद?"

"सतरंजीची राखण करतोय. पुढचे काका हळूहळू मागे सरकतायत."

ते काका मघापासून सगळ्यांच्या करमणुकीचा विषय झाले होते. जॅझमध्ये एकेकाचं वादन झालं की मध्येच टाळ्या वाजतात, हे त्यांना मान्य नव्हतं. दर टाळीला ते मागे वळून म्हणत, "अहो, संपू तर द्या." ऋषीनं तिसऱ्या वेळी त्यांना हात जोडले होते.

कॉलेजपासून ती, आता तिचा नवरा असलेला आमोद, शेफाली आणि ऋषी, असे हे चौघं या जॅझ महोत्सवाला येत होते. थंडी सरत आलेली असायची, संध्याकाळी शाल लागायची. सगळं संपलं की कॅम्पातल्या इराण्याकडे चहा आणि चहावर पसंती. प्रत्येकानं एकच सांगायची. अख्खं गाणं चालणार नाही, अख्खा कलाकार तर नाहीच. त्या संध्याकाळचा नेमका एक तुकडा. आणि दुसऱ्याच्या पसंतीवर वाद घालायचा नाही, हा नियम शेफालीनं केला होता आणि तीच तो दरवर्षी मोडायची.

प्रियदर्शनीची पसंती बाकीच्यांना तोंडपाठ झाली होती. बाकी सगळे सॅक्सोफोनच्या, ट्रंपेटच्या मागे जात. ती माणसाहून उंच अशा त्या डबल बासच्या मागे जायची. कोणाचं लक्ष नसताना खालून चाललेला तो जाड, संथ खर्ज. "सगळं घर दिसतं तुम्हाला," ती म्हणायची, "मला आधी जोतं दिसतं."

या वर्षी ती एका वेगळ्याच कामाला आली होती. आपल्या कानांत किती उरलंय ते तिला बघायचं होतं.

पहिल्या दोन बँडना तिनं हट्टानं पुढची जागा मागून घेतली. ट्रंपेट आला, पण काचेपलीकडून यावा तसा. ड्रमवरच्या झांजा आल्या. बासवाल्याची फक्त बोटं दिसली. चार जाड तारांवर बोटं चालत होती, आजूबाजूची माणसं माना डोलवत होती, आणि ती त्या मानांकडे पाहून आपली मान डोलवत होती.

मुक्ताईच्या वेळी दिवस भरत आले तेव्हाच डाव्या कानात कापूस घातल्यासारखं वाटायला लागलं होतं. बाळंतपणाचा थकवा म्हणून तिनं सोडून दिलं. पोरगी रांगायच्या बेतात आली तोवर डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही मंदावला होता. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात असताना फोन हातात थरथरला. शेजारच्या सुशीलाबाई होत्या.

"अगं, पोरगी केव्हाची रडतेय. बेलही वाजवली मी. बरी आहेस ना?"

"बाथरूममध्ये होते, काकू," ती म्हणाली आणि आत धावली. मुक्ताई रडून रडून काळीनिळी झाली होती.

त्या रात्रीपासून ती मुक्ताईच्या पोटावर हात ठेवून झोपायला लागली. पोट हललं की जाग यायची. सासूबाई बिबवेवाडीच्या घरी चार दिवस राहून गेल्या तेव्हा कौतुकानं म्हणाल्या, "झोपेतही लेकीला सोडत नाही हो ही." प्रियदर्शनी हसली होती. एकदा का हे बाहेर पडलं की मुक्ताई आणि ती घरात दोघीच असणं बंद होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कोणी वाईट बोलणार नाही. सगळे प्रेमानंच पोरीला उचलून घेतील. खराडीच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचं ठरत होतं, त्यावरही सगळे काळजीनंच विचार करतील.

डॉक्टरकडे ती एकटी गेली. त्यांनी नादकाटा वाजवून आधी डाव्या कानासमोर धरला. काही नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि ती दचकली. भुंग्यासारखा आवाज थेट डोक्यात शिरला.

"नस चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "आतलं एक इवलंसं हाड घट्ट होत चाललंय. बाळंतपणात वाढतं कधीकधी. ऑपरेशन आहे, मशिन आहे, घाबरायचं काही नाही. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या."

पुढची वेळ तिनं अजून घेतली नव्हती.

पडद्यापलीकडे टाळ्या झाल्या असाव्यात, कारण पडद्याच्या फटीतून हात हलताना दिसले. मुक्ताईचं पिणं मंदावलं होतं. प्रियदर्शनीला मानेला रग लागली म्हणून तिनं डोकं डावीकडे कलतं केलं. स्टेजच्या जाड फळीची कड नेमकी तिच्या डोक्याच्या उंचीला होती. कानामागचा भाग तिनं लाकडावर टेकवला आणि डोळे मिटले.

आणि तो आला.

आधी एकच सूर. खाली, खोल, एखादी जड पेटी जमिनीवरून ओढावी तसा. मग दुसरा. डबल बासचा लोखंडी पाय वर त्याच फळ्यांवर रोवलेला होता. तार छेडली की लाकूड भरून येत होतं आणि लाकडातून तो सूर तिच्या हाडात उतरत होता. ज्या कानात कित्येक महिने काहीच आलं नव्हतं, त्याच्या अगदी आत. वाजवणारा घाईत नव्हता. तो तीन सूर चढून जायचा, वर गेल्यावर थांबायचा, जसं काही विसरलं म्हणून, आणि दुसऱ्याच वाटेनं उतरून यायचा. एकदा त्यानं तार नुसती बोटानं घासली. तेसुद्धा आलं. एकदा बराच वेळ काही नाही, आणि मग सगळ्यात जाड तार, एकदाच.

मुक्ताई झोपून गेली होती. ओठांच्या कोपऱ्यात दूध साचलं होतं. प्रियदर्शनीनं ते पुसलं नाही. डोकं हलवावं लागलं असतं.

*

इराण्याकडे कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आमोद नेहमीसारखा तिच्या डाव्या बाजूला बसला. मुक्ताई तिच्या मांडीवर जागी होऊन दिव्यांकडे टकमक बघत होती. चहा आला, बन-मस्का आला.

"माझी पसंती," शेफालीनं सुरुवात केली, "दुसऱ्या बँडचा ट्रंपेटवाला. चुकला, तोंडातून ट्रंपेट काढला, खुदकन हसला आणि तिथूनच पुढे गेला. तेवढंच."

"म्हणजे तुझी पसंती त्याची चूक आहे," ऋषी म्हणाला.

"वाद नाही. नियम आहे."

"माझी ब्रशची. ड्रमवर त्या गोव्याच्या माणसानं काय ब्रश फिरवलेत! सुपात पोहे पाखडल्यासारखे." ऋषीनं टेबलावर तळवे घासून दाखवले. मुक्ताईनं लगेच त्या हातांकडे झेप घेतली. "चला आमोद."

"आधी प्रिया," आमोद म्हणाला.

तिनं कप खाली ठेवला. कोणी विचारायच्या आधीच तिला सांगायचं होतं. घरी एकटीनं पुरून ठेवण्याइतकं ते लहान नव्हतं.

"गोव्याचा बासवाला. त्याचा एकट्याचा जो तुकडा झाला ना, तो. वर जाऊन थांबत होता बघा, आणि शेवटी ती जाड तार एकदाच. तो थांबला होता त्यात सगळं होतं."

ऋषीनं शेफालीकडे पाहिलं. मग शेफाली हसायला लागली.

"अगं बाई, झोपली होतीस का पडद्यामागे? त्याचा आवाज गेला होता."

"कोणाचा?"

"बासचा! त्याची पाळी आली आणि अँप्लिफायर बंद पडला. साउंडवाले इकडून तिकडे पळतायत आणि तो आपला डोळे मिटून वाजवतोय. आम्ही सगळ्यांनी ते नुसतं पाहिलं."

"काका म्हणाले, आता वाजवा टाळ्या," ऋषी म्हणाला. "खरंच वाजवल्या लोकांनी. बिचाऱ्याला कळलंही नसेल आपण कोणालाच ऐकू गेलो नाही ते."

"तू स्टेजला खेटून होतीस, म्हणून थोडंफार आलं असेल," शेफाली म्हणाली.

एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. हो, जवळ होते ना, एवढंच म्हणायचं. प्रियदर्शनीनं तसं म्हणायला तोंड उघडलंही. मुक्ताई बशीतला चमचा ओढत होती. तिनं तो तिच्या मुठीतून सोडवला, पुन्हा तिलाच दिला.

"थोडंफार नाही. सगळं आलं," ती म्हणाली. "डोकं फळीवर टेकलं होतं. हाडातून आलं ते. कानानं नाही आलं." मग कपाकडे बघत, ठरवल्याहून भरभर: "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानंही कमी झालंय. मुक्ता झाली तेव्हापासून."

ऋषीचे तळवे टेबलावर तसेच राहिले.

"डॉक्टर?" शेफालीनं विचारलं.

"दाखवलं. ऑपरेशन असतं म्हणाले."

"कोणाबरोबर गेली होतीस?"

"एकटीच."

"शहाणीच आहेस." शेफाली उठली, तिनं चमच्यासकट मुक्ताईला उचलून कडेवर घेतलं. "ऋषी, ऊठ. खारी संपायच्या आत घेऊन येऊ."

"मला नकोय खारी."

"तुला विचारलं नाही."

दोघं काउंटरकडे गेली. आमोद कप बशीत गोल फिरवत होता. तो आता विचारील, मला का नाही सांगितलंस. त्याचं उत्तर प्रियदर्शनीनं किती तरी दिवस तयार ठेवलं होतं.

"मागच्या महिन्यात एकदा," आमोद म्हणाला, आणि थांबला. तिनं मान पूर्ण वळवून त्याच्या ओठांकडे पाहिलं. "तू भिंतीकडे तोंड करून होतीस. उजव्या कुशीवर. जागी होतीस, कारण मुक्ताला थोपटत होतीस. मी तुला एक विचारलं होतं."

"काय?"

"काही बोलली नाहीस तू."

"काय विचारलं होतंस, आमोद?"

त्यानं कप फिरवायचा थांबवला. "मी तुला नकोसा झालोय का, असं."

अर्धं तिनं ऐकलं, अर्धं ओठांवरून वाचलं. तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपत होता. सकाळी लवकर कॉल असतात, मुक्ताची झोपमोड नको, असं त्यानं सांगितलं होतं आणि तिनंही आईला फोनवर तेच सांगितलं होतं. काळजीनं वागतो गं, असंही वर म्हणाली होती. आणि त्या अख्ख्या महिन्यात हा माणूस रोज सकाळी तिचा चहा ठेवून, तिच्याकडे न बघता, मोजे शोधायला आत जात होता.

"नाही," ती म्हणाली. मग आणखी एकदा: "नाही झालास रे."

आमोदनं मान हलवली. मग तो उठला, खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला आणि तिच्या उजव्या हाताला आणून ठेवली. येणाऱ्या वेटरला थांबून त्याला वाट द्यावी लागली.

शेफाली खारीची पुडी घेऊन परतली. मुक्ताईच्या हनुवटीला आधीच खारीचा भुगा चिकटला होता. शेफालीनं खुर्च्यांकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि पुडी सोडत म्हणाली, "आमोदराव, तुमची पसंती राहिली. पटकन. हे लोक दिवे बंद करायला लागले की हाकलतात."

आमोदनं घसा साफ केला. तो प्रियदर्शनीकडे वळून बसला आणि बोलायला लागला, पहिल्या बँडमधल्या पियानोवाल्या बाईबद्दल. तिनं शेवटी एकच सूर कसा धरून ठेवला आणि तेवढ्यात झाडावरचे पक्षी कसे उठले ते. एकेक शब्द सुटा करून, इतक्या मोठ्यानं, की गल्ल्यावरच्या इराण्यानं चष्म्यावरून बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपर खाली घेतला आणि ऋषी म्हणाला, "अरे, कॅम्पभर ऐकू जातंय."

आमोद थांबला नाही. प्रियदर्शनीनंही त्याला हळू बोल म्हटलं नाही.