चौऱ्याऐंशी पावलं पुढे

मी एक जुना किलोमीटरचा दगड आहे, मित्रांनो, आणि गेल्या उन्हाळ्यापासून मी खोटं बोलतो आहे. माझ्या छातीवर 'पवनानगर ४' असं लिहिलंय. त्यावर विश्वास ठेवून चालू लागलात तर पवनानगर जरा आधीच येईल. गाडीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या खोटेपणाची शिक्षा एका पळणाऱ्या मुलीला झाली, म्हणून आज हे सांगायला बसलो आहे. तसं बसण्याशिवाय मला दुसरं काही येतही नाही.

माझा जन्म इथल्याच डोंगरातल्या काळ्या खडकातला. वडारांनी छिन्नी-हातोडीने मला घडवलं, डोकं गोल केलं आणि कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका जांभळीखाली पुरलं. नोकरी कंटाळवाणी होती. वर्षातून एकदा रंगारी यायचा, डोकं रंगवायचा, आकडे ठळक करून जायचा. पलीकडच्या वाडीतल्या भागूबाई गवताचा भारा माझ्या डोक्यावर टेकवून दम खायच्या. एकदा त्यांची हरवलेली शेळी माझ्याशेजारी सापडली आणि त्यांनी आनंदाने माझ्या कपाळाला शेंदूर फासला. शेळी खरं तर जांभळं खायला आली होती. पण मला बोलता येत नाही, त्यामुळे फुकटचं देवपण पदरात पडलं.

मग निवृत्ती सर आले. ते शाळेत खेळ शिकवायचे. शाळेचं मैदान जेमतेम खो-खोपुरतं, तिथे लांब पल्ल्याचं पळणं कसं शिकवणार? सरांनी लांब टेप आणला आणि फाटकापासून रस्ता मोजत मोजत माझ्यापर्यंत आले. बरोबर दीड किलोमीटर भरला! जाऊन येऊन तीन हजार मीटर. त्या दिवसापासून नियमच झाला, माझ्या डोक्यावर थाप मारल्याशिवाय मागे वळायचं नाही. मुलं परतली की सर विचारायचे, "दगड केला का?" त्यांचं अजून एक वाक्य होतं. "जाताना गप्पा मारता आल्या पाहिजेत आणि येताना तोंडातून शब्द फुटता कामा नये." नवी पोरं नेमकं उलटं करायची. जाताना वाऱ्यासारखी यायची आणि परतताना पोटात कळ घेऊन चालत जायची. किती वर्षं, किती घामट हात! रंगाऱ्याने रंगवलेलं माझं डोकं दिवाळीपर्यंत पुन्हा काळं व्हायचं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

सर निवृत्त झाले, पण थापा चालू राहिल्या. त्यात सगळ्यात नेमाने येणारी थाप हर्षदाची. भागूबाईंच्याच वाडीतली, रोजंदारीवर जाणाऱ्या बुधाची ही मुलगी. थाप मारली की हळूच म्हणायची, "चालले हां." दगडाचा निरोप घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिची मैत्रीण उज्ज्वला फाटकापाशी मोबाइलवर वेळ लावून उभी राहायची. दोघींचं घर माझ्या पलीकडे, त्यामुळे परतताना रोजचा आकडा माझ्या कानावर पडायचा. आठवीत असताना, फेब्रुवारीत, तो आकडा होता अकरा मिनिटं बावन्न सेकंद. नवे गौरव सर सर्वांना सांगून ठेवायचे, "बारा मिनिटांच्या आत येईल तिचंच नाव तालुक्याच्या स्पर्धेला जाईल." हर्षदाला तेवढंच हवं होतं.

मे महिन्यात रस्ता रुंद करायला आले. जेसीबीने मला मुळासकट उपटलं, माझी जांभळ तोडली, आणि आठ दिवस मी धुळीत तोंडावर पडून होतो. त्या कामावर बुधाही होता. मुकादम त्याला म्हणाला, "तो दगड बसव रे कुठंतरी." माझ्या जुन्या जागेवर आता गटार खणलं होतं. बुधाने माझ्या कपाळावरचा शेंदूर पाहिला आणि त्याचे हात थांबले. "देवाला गटारात कसं बसवू?" असं पुटपुटत तो दुसऱ्या एकासोबत मला बांबूला बांधून पुढे घेऊन गेला. तिथे दुसरी जांभळ होती. तिच्याखाली त्याने माती साफ केली, मला सरळ उभं केलं, बुडाशी काँक्रीट ओतलं आणि हात जोडले. इतक्या मायेने मला कुणीच कधी बसवलं नव्हतं.

हर्षदा तेव्हा सुट्टीसाठी बेगडेवाडीला मावशीकडे होती. जूनमध्ये परतली तेव्हा रस्ताच अनोळखी झाला होता. पण दगड होता, दगडावर जांभळीची सावली होती. कुणाला शंका का यावी?

पहिल्या दिवशीचा आकडा ऐकला आणि मी हादरलो. बारा पंचवीस. "सुट्टीत लय खाल्लं असशील," उज्ज्वला हसून म्हणाली. आठवडाभराने बारा एकोणीस. मग हसणं थांबलं. जीपवाला पप्पू जाता जाता ओरडला, "आता न्हाई व्हायचं तुज्याच्यानं! पोरी मोठ्या झाल्या की जड व्हत्यात." हर्षदाने रात्रीचा भात सोडला. सकाळी पळायची, संध्याकाळी पुन्हा पळायची. नडगी दुखायला लागली, तर त्यावर फडकं बांधून पळायची. "चालले हां" म्हणणं बंद झालं. नुसता हात आपटायची माझ्यावर. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, अगं पोरी, मीच पुढे सरकलोय! तू हळू झालेली नाहीस! पण दगडाला कंठ कुठून असणार? मी उन्हात तापत होतो, पावसात भिजत होतो आणि तिचं रोज हरणं बघत होतो.

शेवटच्या चाचणीत बारा मिनिटं नऊ सेकंद आले. गौरव सर वाईट माणूस नव्हेत. "यंदा राहू दे, हर्षदा, पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि यादी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि ढसाढसा रडली. कामावरून परतणारा बुधा तिला पाहून थांबला.

"काय झालं गं?"

"आबा, माज्यात दम न्हाई राह्यला."

 बुधा माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्याला नारळ फोडू आपण. जागृत हाय ह्यो. म्हनून तर मी गटारातनं काढून हितं आणला."

हर्षदाने मान वर केली. "हितं आणला? मंजी? आदी कुटं व्हता?"

"त्या तिथं मागं, आता गटार हाय तिथं. तिथली जांभळ तोडली न्हाई का?"

ती उठली. एकेक पाऊल मोजत मागे गेली. चौऱ्याऐंशी. म्हणजे जाताना चौऱ्याऐंशी आणि येताना तितकीच, जवळजवळ अर्ध्या मिनिटाचं पळणं. तिथूनच तिने बुधाला ओरडून आकडा सांगितला. बुधाला उलगडायला जरा वेळ लागला. उलगडलं तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही.

"मीच केलं व्हय हे?" तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी मला मिठी मारून उपटायला लागला. "परत नेतो. आत्ता नेतो."

"आबा, राहू द्या. आबा, यादी गेली."

तो ऐकेना. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, बोटं सोलली. मी तसूभरही हललो नाही. त्यानेच ओतलेलं काँक्रीट होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाचा राग आला.

पुढे गौरव सरांनी टेपने मोजलं. हर्षदाची शेवटची चाचणी खरी तर पावणेबारा मिनिटांच्याही आत होती. "मी आधीच मोजायला हवं होतं," असं ते सर्वांसमोर म्हणाले, फोनही केले. पण मुदत संपली होती. आता ती नववीत आहे, पुढचं वर्ष दहावीचं. घरचे पळू देतील का, ते मला ठाऊक नाही.

आठ दिवस ती फिरकली नाही. नवव्या दिवशी पावलं ऐकू आली. माझ्या जुन्या जागेसमोर आता रस्त्यावर चुन्याची रेघ आहे, तिथून ती वळली. पावसाने रेघ धुतली की बुधा येतो आणि पुन्हा ओढतो. माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तुमचा आकडा एखाद्या दिवशी वाईट आला, तर आपल्या पायांना शिव्या देण्याआधी, ताटातला भात टाकण्याआधी, एकदा वाट मोजून बघा. आणि मोठ्यांनो, मुलांना हळू म्हणण्याआधी टेप तुम्ही धरा. दगडाचा शब्द प्रमाण मानू नका, मग त्याच्या कपाळाला शेंदूर असला तरी.

मुलं आता सगळी रेघेवरूनच वळतात आणि तेच बरोबर आहे. इथून मला त्यांच्या फक्त पाठी दिसतात. परवा रंगारी येऊन गेला. म्हणाला, यंदा डोकं रंगवायची गरजच नाही, पावसाळ्यानंतर दिलेला रंग तसाच्या तसा आहे.