वॉशिंग मशीनखालची पॉपस्टार

मी एक कॉमिक आहे. वय म्हणाल तर गेल्या गणपतीनंतरचं. पण वॉशिंग मशीनच्या पायाखाली माणूससुद्धा लवकर म्हातारा होईल, मी तर कागद.

मित्रांनो, मला नवघरच्या संचिताने काढलं, तिच्या खारी गावातल्या मैत्रिणीसाठी. ही हेमाली गणपतीच्या कार्यक्रमात गाताना शब्द विसरली, पोरं हसली आणि तिने गाणंच टाकलं. तिला हसवून पुन्हा गायला लावायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. माझी नायिका पॉपस्टार चांदणी. वेण्या हुबेहूब हेमालीच्या, डोळे बशीएवढे. पहिल्या पानावर ती जन्मताच असा टाहो फोडते की डॉक्टरांचा चष्मा तडकतो. पुढे तिच्या तानेने बाजारातले दुधी आपोआप सोलले जातात. शेवटी भरल्या मैदानात ती शब्द विसरते, आणि अख्खं मैदान तिचं गाणं तिलाच गाऊन दाखवतं.

संचिताने मला जपानी धाटणीने रचलं होतं, उजवीकडून डावीकडे. मला शिवायला दिलं झेरॉक्सवाल्या महिपतकाकांकडे, आणि ते पडले परोपकारी. "पोरीनं उलटं लावलंय," म्हणत त्यांनी मुखपृष्ठ काढून दुसऱ्या बाजूला चिकटवलं आणि वरून गिफ्टचा कागद गुंडाळला. संचिताला पत्ताच नाही.

हेमालीने मला उघडलं. पहिलंच चित्र: चांदणी गप्प, समोर हजारो उघडी तोंडं. खरं तर ती तोंडं गात होती. हेमालीला मात्र हसताना दिसली. मग टाळ्या गेल्या, स्टेज गेलं, दुधी पुन्हा सालीत शिरले. अखेरीस नुसतं रडणारं तान्हं बाळ.

तिने फोन लावला. "संचे, माझी हीच लायकी हाय ना? रडायची?"

"अगं, हसण्यासाठी काढलंय ते!"

"हसले सगळे आधीच. तू पन हस."

फोन बंद, मैत्री बंद. मशीन हलत होतं, म्हणून घडी घालून मला त्याच्या पायाखाली सारलं. चांदणीच्या नाकावर खड्डा पडला. साबणाचं पाणी अंगात मुरलं. पण खरं दुःख वेगळंच. हेमाली रोज कपडे टाकायला यायची आणि साधं गुणगुणायचीही नाही.

एकदा मशीन सरकवताना तिचा भाऊ धर्मेश याने मला ओढून काढलं. धर्मेश पेपर नेहमी मागून वाचतो. क्रिकेट आधी, देश नंतर. मलाही त्याने मागूनच उघडलं. चष्म्यापाशी तो फिसकन हसला. दुध्यांपाशी खालीच बसला.

"काय झालं रं दादा?"

"अख्खं मैदान तुझं गाणं गातंय, येडे! बघ तरी."

हेमालीने उभ्याउभ्या वाचलं. ओढणीने माझा खड्डा पुसला. मग फोन लावला.

"संचे, तुजी गोष्ट मागून लय भारी हाय."

"मागून? मग तू कुठून वाचलीस?"

हेमालीने मुखपृष्ठ कुठल्या बाजूला चिकटवलंय ते सांगितलं. पलीकडे संचिता हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. माझ्या कानांत अजून साबणाचं पाणी आहे.

मशीन आता पुन्हा थडथडतं आणि त्या ठेक्यावर हेमाली गाते. शब्द विसरली की धर्मेश बाथरूममधून चुकीचे सांगतो.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. कुणी जीव लावून दिलेलं काही मनाला लागलं, तर पायाखाली घालण्याआधी देणाऱ्याला एकदा विचारा, हे उघडायचं कुठून. आणि मशीन हलत असेल तर वीट लावा.