मोळी उचलण्याआधी

उसाची मोळी डोक्यावर घेतली की रंगुबाईची लघवी सुटून साडी ओली व्हायची. फडात घामाने सगळेच ओले असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पण तिला स्वतःचाच वास यायचा आणि स्वतःचाच संताप यायचा. पाथर्डीकडची, चार लेकरांची आई, लाजरी तर मुळीच नाही. तरी ही गोष्ट तिने फक्त मोठ्या जावेच्या, बनुबाईच्या, कानावर घातली.

"गर्भाची पिशवी काढून टाक," बनुबाई म्हणाली. "मी काढली, सुटले. लई बरं हाय आता."

ऊसतोडीच्या टोळीतल्या कितीतरी बायकांनी काढली होती. पोटाखालचं कसलंही दुखणं पिशवीच्याच माथी मारायची तिथे रीत. दसऱ्यानंतर टोळी देवळाली प्रवराला निघायची, त्याआधी ऑपरेशन उरकायचं ठरलं.

श्रावणात ती तपासणीला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर आरती म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे तुमची. ती काढून हे थांबणार नाही. लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू बाळंतपणांनी आणि ओझ्याने ढिले पडलेत, त्यांना व्यायाम हवा." व्यायाम म्हणजे लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. दोन-तीन महिने रोज. आणि ओझं उचलताना आधी आवळायचं, मगच उचलायचं.

रंगुबाईला ही थट्टाच वाटली. पण कापून घ्यायची भीती त्याहून मोठी होती, म्हणून भाकरी थापता थापता ती आवळू लागली. पहिला महिना फुकट गेला. बनुबाई हसायची. "चुलीपुढं बसून कुठं रोग जातो व्हय? दसरा जवळ आला, उरकून घे." रंगुबाई चिडायची, पण हेका सोडला नाही.

देवळालीच्या फडात पहिल्याच दिवशी तिने आवळून मोळी उचलली, शिडी चढली, ट्रकात टाकली. कोरडी. पुढचीही कोरडी. मग शिंक आली तेव्हा थोडं गेलं, तरी ती एकटीच हसत राहिली.

दुपारी बनुबाई बांधाच्या आडोशाला तिच्याजवळ येऊन बसली. "मला बी शिकव," ती खाली बघत म्हणाली. "पिशवी काढली तरी माझं चालूच हाय."

"मग मला कशापायी काढाय लावत हुता, आक्का?"

बनुबाईने पदराने तोंड पुसलं.

"बरं झालं म्हनून समद्या टोळीला सांगून बसले हुते. तू बी काढली असतीस अन् तुझं बी थांबलं नसतं, तर कुनापाशी तरी बोलता आलं असतं."