पाळकसाहेबांचा शब्द

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी तिच्या उशीखाली हृदयाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

"पाळकसाहेबांनीच बंद करायला लावल्या," मुलगी रडत म्हणाली. "देव राखेल म्हणाले. आई म्हणायची, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांच्या जिभेला हाड नाही, देवाच्या माणसाला काहीबाही बोलतील."

संध्याकाळी पाळकसाहेब प्रार्थनेला आले. सवयीने मी उठलो आणि माझी खुर्ची त्यांना दिली. त्यांनी मुलीकडे पाणी मागितलं, खिशातून स्वतःची रक्तदाबाची गोळी काढून गिळली, मग डोळे मिटून म्हणाले, "प्रभूने तिला आपल्याजवळ बोलावलं."

मी सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणालो. त्यांना जाब विचारायचा अजून राहिला आहे.