हाताने फिरवायची काच

गाडी घ्यायचं ठरलं ते मुग्धाला पाचवा महिना लागल्यावर. मुग्धा ही शिवशंकर बिरादार सरांची एकुलती एक लेक, नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे लातूरला, हे दोन्ही घरांनी गृहीतच धरलं होतं. पण नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "एसटीचे धक्के नकोत. न्यायचं असेल तर गाडीनं न्या, आणि हळू न्या."

भाड्याची गाडी करता आली असती. पण आता नांदेडच्या खेपा वाढणार होत्या, आणि पन्नाशी उलटल्यावर तरी दारात आपली गाडी असावी असं सरांना मनातून वाटत होतं. देवणीकडच्या खेड्यातून ते लातूरला आले तेव्हा क्लास म्हणजे कुणाच्या तरी घरची ओसरी आणि सतरंजीवर बसलेली पोरं. बघता बघता क्लासच्या चार-चार मजली इमारती उठल्या, सगळ्या मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात खोल्या घेऊन राहायला लागली, आणि त्यांना रसायनशास्त्र शिकवता शिकवता सरांचंही बरं चाललं. स्कूटर मात्र जुनीच राहिली.

खरी अडचण दीपालीची होती.

दीपाली सरांची बायको, किल्लारीच्या बाजूच्या एका गावातली. भूकंप झाला तेव्हा ती कॉलेजात होती. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर दगडामातीसकट खाली बसलं. दीपालीला जवानांनी दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. शेजारीच निजलेली तिची आई, पारूबाई, जिवंत निघाली नाही. लग्नाच्या बोलणीत मामांनी सरांना एवढं सांगितलं होतं, आणि नंतरच्या सगळ्या संसारात दीपालीने त्यात एका शब्दाची भर घातली नव्हती. ते तिच्या वागण्यातून कळायचं. झोपायच्या खोलीला कडी लावायची नाही. लिफ्ट असली तरी जिना. एसटीत खिडकीचीच जागा, आणि कडाक्याच्या थंडीतही काच उघडी. कुणी कारमध्ये बसा म्हटलं, की "मला गाडी लागते" म्हणून ती स्कूटरवर सरांच्या मागे बसून निघायची.

सर फेसबुकवर एका मराठी गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये होते. तिथे त्यांनी विचारलं, "नमस्कार. पहिलीच गाडी घेतोय. लातूर-नांदेड प्रवास. खिडक्या मोठ्या पाहिजेत. नवी घ्यावी की वापरलेली? रोख की कर्ज?"

दोन तास शिकवून बाहेर येऊन बघतात तर उत्तरांचा पाऊस. पुण्याचा कुणी मिहिर होता, त्याने ठणकावलं होतं, "कर्ज काढून गाडी घेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरली. वापरलेली घ्या, रोख घ्या, विषय संपला." त्याच्या खाली वरद नावाच्या माणसाने लिहिलं होतं, "अजिबात ऐकू नका. एफडी मोडायची नाही. हप्ते भरा, आपला पैसा कामाला लावा." मग त्या दोघांचीच व्याजावरून जुंपली, आणि विचारणारे सर बाजूलाच राहिले. कुणी डिझेल म्हणे, कुणी पेट्रोल. एकाने बजावलं, "बेस मॉडेल चुकूनही घेऊ नका, विकताना कुत्रं विचारत नाही." आणि एकाने नुसतंच लिहिलं, "खिडक्या बघून गाडी घेणारे काका पहिल्यांदाच बघितले." त्याला सगळ्यात जास्त हसरे चेहरे मिळाले होते.

सरांनी हे सगळं जेवताना दीपालीला वाचून दाखवलं.

"म्हंजे आपली गाडी पुण्याचा माणूस ठरवायलाय?" तिने विचारलं.

"अनुभवी लोक हायत गं. चार गोष्टी कळतात."

"कळू द्या," म्हणून तिने त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

रविवारी दोघं शोरूममध्ये गेले. विक्रीवाला पोरगा मोठा उत्साही. ग्रुपवर सगळ्यांनी गौरवलेली वरच्या दर्जाची गाडी त्याने पुढे आणली, दीपालीला अदबीनं पुढच्या सीटवर बसवलं, "मॅडम, बसून तर बघा," म्हणत दार लावलं. मग डिकी दाखवायला गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि सरांना घेऊन मागे गेला.

सर डिकीत वाकून बघत होते. वर बघितलं तर मागच्या काचेतून दीपालीचा हात दिसला. ती खिडकीचं बटण दाबत होती. गाडी बंद, त्यामुळे काच खाली येईना. दार उघडायची कडी तिथेच, वीतभर अंतरावर होती, पण तिचा हात बटणावरून हलत नव्हता. सर धावले. दार उघडलं तेव्हा ती घामाने भिजलेली होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर ती बराच वेळ ग्लास हातात धरून बसली. मग म्हणाली, "माझ्यापायी अडू नका. तुमी गाडी घ्या, मुग्धाला आणा. मी एसटीनं येत-जात जाईन."

"तुला मागं ठेवून गाडीत बसू का मी?"

"त्यात काय झालं?"

सरांनी रसाचे पैसे दिले आणि स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी दोन तासिकांच्या मधे, खडूने पांढरे झालेले हात रुमालाला पुसून, त्यांनी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. बायको भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडली होती. बंद गाडीत तिला बसवत नाही. म्हणून खिडक्यांचं विचारलं होतं. तिला सोडून गाडी घ्यायची नाही, आणि लेकीला तर आणायचंय.

हसणाऱ्याने आपलं वाक्य काढून टाकलं. मिहिरने लिहिलं, "सर, माफ करा." पण सल्ले काही थांबेनात, नुसते मऊ झाले. एकाने छत उघडणारी गाडी सुचवली. एकाने वहिनींना डॉक्टरांकडे न्या म्हटलं. वरदने त्या छत उघडणाऱ्या महागड्या गाडीचा हप्ताही काढून दिला. सगळ्यात शेवटी नांदेडच्या मालविका देशमुख नावाच्या बाईंचं दोन ओळींचं उत्तर होतं. "सगळ्यांचं वाचलं. वहिनींना काय हवंय ते त्यांना कुणी विचारलं का? सर, तुम्ही विचारलंत?"

सरांनी ते तीनदा वाचलं. त्यांनी विचारलं नव्हतं. खिडक्या मोठ्या पाहिजेत हे त्यांनी आपल्या मनानेच ठरवलं होतं.

घरी जाऊन त्यांनी फोन दीपालीच्या पुढे ठेवला. तिने सगळं पहिल्यापासून वाचलं. तिचा चेहरा कठीण होत गेला.

"माझं दुखणं गावभर केलंत तुमी."

"चुकलं माझं. पण त्या शेवटच्या बाई काय म्हणतात ते बघ."

ती उठून आत गेली. संध्याकाळचा स्वयंपाक न बोलता झाला. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी सर वामकुक्षी करत होते, तेव्हा ती त्यांच्या उशाशी येऊन बसली.

"ती नांदेडची बाई. तिला सांगायचंय मला. आणा फोन, मीच लिहिते."

एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं. "मी दीपाली. मला मोठी खिडकी नको. मला माझ्या हातानं उघडणारी खिडकी पाहिजे. गाडी बंद असली, किल्ली दुसऱ्याजवळ असली तरी उघडली पाहिजे. आमच्या एसटीची उघडते तशी. अशी गाडी मिळते का?"

थोड्या वेळाने वरदचं उत्तर आलं. "अहो ताई, हे तर बेस मॉडेल! त्यात अजून हाताने फिरवायचा दांडा येतो." मग ज्या बेस मॉडेलला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यामागे सगळा ग्रुप लागला. मिहिरने पुण्यातल्या शोरूमना फोन करून कुठल्या गाड्यांना अजून चारही दारांना दांडा आहे ते शोधून काढलं. आणि मालविकाताईंनी लिहिलं, "माझी जुनी गाडी अशीच आहे. लेकीकडे याल तेव्हा बसून बघा. घाई काही नाही."

पुढच्या आठवड्यात दोघं एसटीनं नांदेडला गेले. मालविकाताई तरोडा नाक्याजवळ मुग्धाच्या दारात गाडी घेऊन आल्या. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, सुती साडीतल्या, मोठ्यानं हसणाऱ्या बाई. त्यांनी किल्ली काढून दीपालीच्या हातात दिली.

"ही तुमच्याजवळ असू द्या. गाडी बंदच हाय. बसा नुसतं. दार लावायचं का न्हाई ते तुमी बघा."

दीपाली बसली. दार उघडंच होतं. दांडा फिरवून तिने काच खाली घेतली, वर केली, परत खाली घेतली. मालविकाताई बाहेर उभ्या राहून मुग्धाला डोहाळे कसले लागले ते विचारत होत्या, तिच्याकडे मुद्दाम बघत नव्हत्या. सर फाटकाशी उभे होते. बऱ्याच वेळाने दीपालीने स्वतःच दार ओढून घेतलं. पाठोपाठ दांडा फिरायचा आवाज आला.

"चला मंग," ती आतून म्हणाली. "एक चक्कर मारून आणा."

त्या दिवशी ती गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन आली. चारही काचा उघड्या, केसांच्या पार झिंज्या झालेल्या, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य, "मला भूक लागली."

गाडी ठरली. साधी, पांढरी, दांड्यावाली. राहता राहिला पैशाचा प्रश्न. सर एफडी मोडून सगळे रोख द्यायच्या बेतात होते.

"सगळी कशाला मोडायलाव?" दीपाली म्हणाली. "पोरीचं बाळंतपण समोर हाय. दवाखान्यात ऐनवेळी काय लागंल सांगता येतंय का? निम्मं द्या, निम्म्याचं कर्ज काढा. हप्ता भरता येतो. काच उघडली न्हाई तर ते कशानं भरून निघंल?"

सर हसले, कारण ती स्वतः आधी हसली होती. मिहिरला हा व्यवहार पटला नाही आणि वरदला निम्मा पटला. दोघं ग्रुपवर अजून भांडतच होते.

सातव्या महिन्यात मुग्धाला आणायला दोघं आपल्या गाडीतून गेले. सर गाडी चालवायला नुकतेच शिकलेले, त्यामुळे ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागे टाकून जात होते. परतताना मुग्धा मागच्या सीटवर दोन उशा लावून टेकली, शेजारी दीपाली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. पुढे रस्त्याचं काम चाललेलं, आणि मुरमाचे ट्रक धुरळा उडवत समोरून येत होते. मुग्धाला डोळा लागला होता. ती झोपेतच खोकायला लागली. तिच्या बाजूची काच दीपालीने आधीच वर केली होती. आता तिने आपली काच बघितली, दांड्यावर हात ठेवला आणि हळूहळू फिरवत पार वरपर्यंत नेली.

"पुढच्या काचा बी लावा," ती म्हणाली. "एसी चालू करा. पोरीच्या छातीत धूळ चाललीय."

सरांनी आरशात बघितलं. तिने डोळे मिटले होते. हात दांड्यावरच होता. त्यांनी गाडी कडेला थांबवून पुढच्या दोन्ही काचा फिरवून लावल्या, आणि निघाल्यावर वेग अजून कमी केला.

मुग्धा जागी झाली. आईकडे बघून ती घाबरली. "आई, उघड ना काच. मला काही होत नाही."

"ऱ्हाऊ दे." मग डोळे न उघडताच दीपाली बोलायला लागली. "तुझी आजी त्या वेळेला जिती होती, मुग्धा. माझ्याशेजारीच. दिसत नव्हती, पण बोलत होती. म्हणली, दीपे, झोपू नको, बोलत ऱ्हा. मला तर सुचंना. मंग तीच बोलायली. माझ्या लग्नाचं. म्हणली, पहिल्या बाळंतपणाला तुला आणायला मी येणार, तुझ्या बापाला न्हाई पाठवायची. वाटेत बाप तुला उपाशी आणंल म्हणली. बाजंखाली शेगडी ठेवीन, डिंकाचे लाडू करीन, सव्वा महिना दाराबाहेर पाय टाकू देणार न्हाई. लई बोलली. मला तर हसू पण आलं एकदा."

"मग?"

"मंग मी एकटीच बोलत होते."

इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचं हे बोलणं सर पहिल्यांदा ऐकत होते. मुग्धाच्या वेळी दीपालीला आणायला माहेरहून कुणी आलं नव्हतं, हे त्यांना आता नव्याने आठवलं. त्या वेळी सव्वा महिना भाड्याच्या खोलीत शेजारची केवळाबाई पाणी तापवून द्यायची. समोरचा रस्ता त्यांना नीट दिसेनासा झाला.

मुग्धाने दोन्ही हातांनी डोळे पुसले. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि विचारलं, "लाडवाचं काय म्हणाली आजी? कसे करायचे?"

दीपालीने डोळे उघडले.

"खारीक जास्त, गूळ बेताचा. आणि डिंक तुपात फुलला पायजे, जळू द्यायचा न्हाई. दीपे, तुझी आत्या जाळती, म्हणली."

मुग्धा रडता रडता हसली. चाकूर आलं. सरांनी गाडी एका झाडाखाली घेतली आणि चष्मा पुसायला काढला. "चहा घ्यायचा का?" त्यांनी पुढे बघतच विचारलं.

"चहा घेऊ," दीपाली म्हणाली. "आणि आज हितं बाजार दिसतोय. मी खारीक बघून येते. तुमी पोरीजवळ बसा."

दार उघडून ती उतरली, पदर सारखा केला, आणि किराण्याच्या पालांकडे चालायला लागली.